पंचफुलाकाकूंच्या चपला

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो पंचफुलाबाई ठमके यांचा. हे नाव वाचून पुष्कळांना काही आठवणार नाही. पण दुपारच्या मालिकेतली, सुनेनं आणलेला चहा न पिता कप तसाच खाली ठेवणारी सासू म्हटली की चेहरा डोळ्यापुढे येईल. झाडीपट्टीतल्या, म्हणजे तिकडे गडचिरोली-चंद्रपूर भागातल्या जुन्या नाटकवेड्याला विचारलंत तर तो सासूचं नाव काढणार नाही. तो दरोडेखोरीण सांगेल, नाहीतर आंधळी राजकन्या सांगेल, आणि त्या दोघी एकच बाई होत्या हे त्याला पटवून द्यावं लागेल. यवतमाळच्या हौशी नाटकवाल्यांच्या त्या ताई. माझ्या मात्र काकू, कारण बी.ए.ची तिन्ही वर्षं मी यवतमाळला त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिलो.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यात. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बाबा खोली बघायला माझ्याबरोबर आले, तेव्हा काकू गल्लीत एक पाय ओढत चालत होत्या. बाबांना वाईट वाटलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाईले पानी-गिनी भरून देत जाय. तिच्यानं होत नसन.” आठवड्यानं मी सामान घेऊन आलो तर त्याच काकू खाडखाड सँडल वाजवत, मान ताठ करून गेटपर्यंत आल्या आणि शाळा तपासायला आलेल्या बाईनं विचारावं तसं मला विचारलं, “एवढंच सामान?” मी घाबरलो. शेजारच्या वंदनावहिनी धुणं वाळत घालत होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, “घाबरू नको. लंगडीचं काम संपलं असन. आता हेडमास्तरीण दिसते.”

काकूंचं कोणतंही काम पायापासून सुरू व्हायचं. भूमिका ठरली की त्या आधी तशा बाईच्या चपला शोधायला निघत. दुकानातल्या नव्या चपला त्यांना चालत नसत. भाजी विकणारीचं काम असलं तर त्या भाजीबाजारात जात, आपल्या मापाच्या पायाची बाई हेरत, तिला नवी चप्पल घेऊन देत आणि तिच्या पायातली जुनी मागून आणत. बाया आधी हसत, मग संशय घेत. एकीनं तर करणी-बिरणी करता का, म्हणून हाकलून लावलं होतं. मिळालेली चप्पल काकू घरात, गल्लीत, किराणा आणायला जाताना, सगळीकडे घालून फिरत. त्यांचं म्हणणं असं की चप्पल झिजते ती बाईच्या वागण्यानं. कोणाची टाच झिजते, कोणाचा अंगठा. “तिच्या चपलेत पाय घातला की ते आपल्याले चालवते,” त्या म्हणत. पलंगाखाली अशा चपलांची रांग होती. त्यांचे यजमान, ठमकेकाका, एसटीच्या वर्कशॉपात होते. ते पाहुण्यांना सांगत, “आमच्या घरी बाया लय राह्यतात, पण जेवाले एकच बसते.”

पाठांतराची त्यांची रीत त्याहून वेगळी होती. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या, वाचायला येत होतं. पण संवाद त्या डोळ्यांनी पाठ करत नसत, कानांनी करत. त्यासाठी कोणीतरी मोठ्यानं वाचायला लागे. आधी काका वाचत. मी आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. काकू ज्वारी निवडत, नाहीतर शेवयांसारखे कणकेचे सरगुंडे वळत बसायच्या. मी त्यांच्या पाठीमागे दारात बसून वाचायचो. पहिल्या दिवशी मी शाळेतल्या गॅदरिंगच्या आठवणीनं आवाज चढवून, हात उंचावून वाचलं. काकूंचे हात थांबले.

“कोन करून राह्यलं नाटक?” त्यांनी विचारलं.

“मी वाचतोय, काकू.”

“मंग वाच ना. नाटक मी करतो. तू सपाट वाच. तुह्या आवाजाचा रंग माह्या बोलण्याले लागला त मले तो धुवत बसा लागते.”

तेव्हापासून मी सपाट वाचू लागलो. वाक्य पूर्ण, शब्द स्वच्छ, श्वास जिथल्या तिथे, आणि भाव अजिबात नाही. चुकलो तर त्या बोलत नसत, फक्त हात थांबायचे. मी मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचायचो, हात पुन्हा चालू व्हायचे. मी घरी जी भाषा बोलायचो ती पुस्तकातली कधी नव्हती. वर्गात उभं राहून बोलायचं म्हटलं की मला घाम फुटे. त्या तीन वर्षांत मी राण्या, वकील, सावत्र आया, कामगार पुढारी, सगळ्यांचं बोलणं दारात बसून वाचलं आणि केव्हातरी माझ्या तोंडातलं मराठी सरळ झालं. केव्हा, ते मला सांगता येणार नाही. बी.ए. झालो, एम.ए. झालो, आणि ढाणकीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मुलाखतीला निघालो तेव्हा काकूंनी एकच सांगितलं होतं, “त्याइले सपाट सांगजो.” मी सपाट सांगितलं. आज तिथेच मराठी शिकवतो.

काकूंचे वडील जलशात गात. धम्मदीक्षेनंतरच्या काळात गावोगाव जाऊन गाण्यांतून लोकांना शिका, स्वच्छ राहा सांगणारी ती मंडळी. लहानपणी काकू त्यांच्यामागे डफ धरून उभ्या राहिल्या, तोच पहिला रंगमंच. लग्नानंतर त्या झाडीपट्टीच्या कंपनीत गेल्या. सासरी कुरकुर झाली. काकांनी आईला सांगितलं की मी इंजिन खोलतो तेव्हा तू विचारत नाहीस, मग तिच्या कामाचं कशाला विचारतेस. विषय तिथे संपला. कंपनीच्या मालकाला ‘पंचफुला’ हे नाव जुनाट वाटलं. पोस्टरवर ‘मिस पल्लवी’ छापू, म्हणाला. काकू म्हणाल्या, “पाच फुलं सोडून एक पालवी कायले घेऊ?” पोस्टरवर पंचफुलाच छापलं गेलं.

तिकडे नाटकांचा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीला संपतो. आज या गावी, उद्या त्या गावी, आणि रोज वेगळं नाटक. पुढे प्रॉम्प्टर बसलेला असतो, नट त्याच्या आवाजावर बोलतात, तिथली तशी पद्धतच आहे. काकू मात्र प्रॉम्प्टर घेत नसत. त्याचा आवाज कानावर आला की आपलं पाठांतर बिघडतं, अशी त्यांची तक्रार. त्यांचं काम असलं की प्रॉम्प्टर विडी ओढायला बाहेर जाई.

एकदा कुठल्याशा गावी त्यांनी सुनेला घराबाहेर काढणाऱ्या सासूचं काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान चढत असताना एक म्हातारी काठी टेकत आली आणि सगळ्यांसमोर काकूंना बोलू लागली. पोरीला पोटुशी असताना उंबऱ्याबाहेर काढलीस, तुला लाज नाही वाटली? कंपनीतले हसू लागले. काकू हसल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चुकलंच माह्यं, मावशी.” म्हातारी शांत झाली. मग म्हणाली, “आता घरात घे तिले.” काकूंनी हो म्हटलं. गाडीत त्यांना कोणीतरी विचारलं, की नाटक आहे म्हणून का नाही सांगितलं? त्यांनी उत्तर दिलं, “तिनं काल पैसे देऊन खरं मानलं. आज म्या खोटं कायले सांगू?”

मालिकेचं काम त्यांना पन्नाशीनंतर मिळालं. त्याआधी नागपूरच्या रेडिओवर श्रुतिका झाल्या, दोनतीन सिनेमांत लहान कामं झाली. त्यांतल्या एकात त्या फक्त एक दार उघडतात, पण ते दार मी चार वेळा जाऊन पाहिलं. मुंबईत मालिकेच्या पहिल्याच दिवशी दिग्दर्शक त्यांना म्हणाला, जरा आणखी गावठी बोला, तुमच्या विदर्भातलं, म्हणजे मजा येईल. काकूंनी सरळपणे विचारलं, “कोन्या गावचं पाह्यजे? राळेगावचं का ढाणकीचं?” तो म्हणाला, कुठलंही चालेल. मग काकू त्याला हवं तसं बोलल्या. लोक हसले, मालिका चालली. मी नाराज झालो होतो आणि सुट्टीत तसं बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या की हसले तर हसले, पण कप खाली ठेवताना कोणी हसत नाही, ते पाहिलं का? ते खरं होतं. कप ठेवायचं लिहिलेलं नव्हतं, ते त्यांनीच घातलं होतं.

काका वारले तेव्हा मालिका सुटली. काकू यवतमाळला परत आल्या.

मी सुट्टीत जात असे आणि जुन्या सवयीनं दारात बसून वाचत असे. एका दिवाळीत गेलो तर त्यांनी माझ्यासाठी समोर पाट मांडला. पाठीमागून वाच असं नेहमी सांगणारी बाई आता माझ्या तोंडाकडे बघत होती. मी पान उलटताना मान खाली घातली की तिचे हात थांबत. मी चुकलो नव्हतो, तरी थांबत. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी वाचायचं थांबवलं.

“काकू, ऐकू येत नाही का?”

“येते,” त्या म्हणाल्या. मग निवडायची ज्वारी बाजूला सारून, “तू दिसला त येते.”

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. कान उतरत जाणार होते, औषध नव्हतं. यंत्र घेतलं होतं, पण ते स्टेजवर शिट्टी मारी आणि सगळ्यांचे आवाज एकत्र कालवून देई. त्यांनी ते डब्यात घालून कपाटात ठेवलं होतं. ज्या बाईनं आयुष्यभर कानानं पाठ केलं, तिचा कानच चालला होता. त्याचं रडगाणं त्यांनी गायलं नाही. फक्त म्हणाल्या की हे एवढ्यात कोणाला सांगू नको, नाटकाचं काम हातात आहे.

ते नाटक स्पर्धेसाठी बसत होतं. अनिकेत नावाचा तरुण दिग्दर्शक होता, भला मुलगा. आई आणि मुलगा, दोघांचंच नाटक. मुलाचं काम गजानन करायचा, बँकेत नोकरी, अंगानं भरदार. दुसऱ्या अंकात आई खिडकीतून बाहेर बघत, मुलाकडे पाठ करून बोलते. तिथे काकू गजाननच्या वाक्यावर चढू लागल्या, ते संपायच्या आतच बोलू लागल्या. एकदा झालं, दोनदा झालं, आणि मग सगळ्यांना कळलं. अनिकेतनं मला फोन केला. आई दुसरी बघावी लागेल, पण ताईंना हे कसं सांगू, असं तो विचारत होता.

त्याला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काकू स्वतःच तालमीत म्हणाल्या की मला ऐकू येत नाही, पण मी काम सोडणार नाही. आणि त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. गजाननला म्हणाल्या, “तुह्यं वाक्य सरलं की पाय टेकव. जोरानं. मले तळपायाले समजते.”

गजानननं पाय आपटला. काकूंना काही कळलं नाही. पुन्हा आपटला, तेव्हाही नाही. तालीम एका शाळेच्या हॉलमध्ये होती आणि खाली फरशी होती. फरशी ढिम्म राहिली. सगळे माना खाली घालून उभे राहिले. काकू एकट्याच वैतागल्या होत्या, स्वतःवर नाही, बाकीच्यांवर. “नाटक फरशीवर होते का? तखतावर होते. तखत आना.” मग मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रातून लग्नाच्या स्टेजच्या लाकडी फळ्या आणल्या, हॉलमध्ये मांडल्या. गजानननं पाय टेकवला आणि पाठमोऱ्या काकू बरोबर बोलल्या.

स्पर्धेच्या दिवशी मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो. गजाननला ताण आला होता. काकूंना कळलं नाही तर काय, या भीतीनं तो दुसऱ्या अंकात प्रत्येक वाक्यानंतर, गरज असो नसो, दणादण पाय आपटत राहिला. काकूंचं एक वाक्य चुकलं नाही. परीक्षकांनी नंतर मुलाच्या मनातला दडपलेला राग पायांतून फार सुंदर व्यक्त झाला, असं म्हणून गजाननला अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं. काकूंना मिळालं नाही. परतताना जीपमध्ये त्यांना हे हातवारे करून समजावलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. नंतर बरेच दिवस त्या गजाननला ‘रागीट’ म्हणूनच हाक मारत.

यानंतर सिनेमाचं काम आलं. ते नाटक पाहायला नागपूरहून एक तरुण दिग्दर्शिका आली होती. तिला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सांडलेला कापूस झाडून गोळा करणाऱ्या म्हातारीची गोष्ट करायची होती. मुख्य काम म्हातारीचं. काकूंनी उभ्या आयुष्यात दारं उघडली, कप ठेवले, पण सिनेमाभर चालणारं काम त्यांना कधी मिळालं नव्हतं. ते आता आलं, आणि त्यांनी नाही म्हटलं.

मी ढाणकीहून मुद्दाम गेलो. त्यांनी मला कारण नीट सांगितलं. मुख्य प्रसंगात म्हातारी कापूस झाडत असते आणि मुलगा मागून बोलतो. चित्रीकरण खऱ्या जिनिंगच्या आवारात, मातीवर. तिथे फळ्या मांडता येत नाहीत, कॅमेऱ्यात दिसतात. “मातीत पाय बोलत नाई, संतोष,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचा सिनेमा बुडवू का मी?”

मी काही बोललो, पण माझं बोलणं त्या बघत नव्हत्या. बघितलं नाही की ऐकू येत नाही, आणि न ऐकण्याची ही नवी सोय त्यांनी त्या दिवशी माझ्यावर वापरली. मी निघालो तेव्हा त्या मला सोडायला गेटपर्यंत आल्या. गेटाजवळ एक पोतं बांधून ठेवलेलं होतं. त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून हेडमास्तरणीच्या सँडलची टाच बाहेर आली होती. भंगारवाला दुपारी येणार होता. काकू अनवाणी होत्या. त्यांनी हात हलवला आणि आत गेल्या. त्यांची चाल कोणाचीच नव्हती. त्यांची स्वतःची चाल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती पटकन ओळखू आली नाही.

फोनवर त्यांच्याशी बोलणं आता होत नाही, म्हणून पत्र लिहिलं. मोठ्या अक्षरात लिहिलं आणि एका पुडक्यात घालून पाठवलं. त्याचं उत्तर त्यांनी लिहिलं नाही. पण पुडकं पोचल्यावर वंदनावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “सर, ताई कालपासून डावीकडे कलून चालून राह्यल्या. दवाखान्यात नेऊ का?” मी म्हटलं, नको, बऱ्या आहेत.

पत्र असं होतं:

आदरणीय काकू,

नमस्कार. हे पत्र सपाट लिहितो आहे. तुम्ही वाचताना हवा तो भाव घाला.

मी दिग्दर्शिकाबाईंशी बोललो. मुलगा मागून बोलतो त्या प्रसंगात मी तुमच्या समोर, कॅमेऱ्याच्या खाली, जमिनीवर बसणार आहे. चित्रात मी दिसणार नाही, तुम्हाला मात्र दिसेन. मुलाचं वाक्य तो मागून बोलेल आणि त्याच वेळी मी समोरून, आवाज न करता, फक्त तोंडानं म्हणेन. आवाजाचा रंग लागायची भीतीच नाही. काम सुरू करायच्या वेळी बाई लाल रुमाल खाली करतील. त्यांना हे सगळं मान्य आहे. सिनेमा बुडणार नाही. मी कॉलेजात रजेचा अर्ज दिला आहे.

पाठांतरासाठी मी येत्या रविवारी येतो. पाट समोर मांडा. मान खाली घालणार नाही, पानं आधीच सुटी करून आणीन.

तुम्ही चपला टाकून दिल्या, त्यावर मी काही म्हणत नाही. त्या जुन्या कामांच्या होत्या. या कामाच्या तुमच्याकडे नव्हत्याच. म्हणून परवा राळेगावला एका जिनिंगमध्ये गेलो. तिथे कापूस झाडणाऱ्या एक आजी आहेत, पाय तुमच्याएवढा. त्यांना नवी चप्पल घेऊन दिली आणि जुनी मागितली. त्यांनी विचारलं, “कायले पाह्यजे?” मी सांगितलं, आमच्या काकूंना घालायची आहे. त्या म्हणाल्या, “तिले नवी दे ना मंग, मले राहू दे माही.” बऱ्याच वेळानं तयार झाल्या.

चप्पल सोबत पाठवतो आहे. एका पट्ट्याला तार बांधलेली आहे, ती टोचते, जपून घाला. डावी टाच उजवीपेक्षा पुष्कळ जास्त झिजली आहे. असं काहून झालं, ते मी आजींना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. तुम्ही गल्लीत एक चक्कर मारा, तुम्हाला कळेल.

आपला,
संतोष